शोपँ वाजवताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

फ्रेडरिक शोपँ (१८१०–१८४९) या पोलिश पियानोरचनाकारावरचा लेख मागच्या अंकात छापला, आणि जळगाव, धुळे, नंदुरबार अशा तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. चरित्रापेक्षा प्रत्यक्ष वाजवण्याविषयी जास्त विचारणा झाली, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. निवडक प्रश्न इथे घेत आहोत. पट्ट्यांची नावे पेटीवर मोजतो तशीच दिली आहेत : पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, आणि पुढे त्याच क्रमाने.

प्रश्न : मुलगी सातवीत आहे. घरी ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आहे. तिला शोपँचे नॉक्टर्न (रात्रीच्या शांत भावाची पियानोरचना) शिकायचे आहे. हा कीबोर्ड चालेल की नवीन घ्यावा लागेल? (एक पालक, भुसावळ)

स्वरलेखन वाचायला आणि चाल बोटांत बसवायला तो चालेल. शोपँ वाजवायला मात्र अपुरा पडेल. ६१ पट्ट्या म्हणजे पाचच सप्तके. शोपँच्या काळचे पियानो साडेसहा सप्तकांच्या आसपास होते आणि डाव्या हाताचा खर्ज तो मोकळेपणी वापरतो. पण पट्ट्यांच्या संख्येपेक्षा मोठी अडचण वजनाची आहे. साध्या कीबोर्डच्या पट्ट्या स्प्रिंगवर उचलल्या जातात, त्या हलक्या असतात. पियानोत पट्टी दाबली की हातोडी उडून तारेवर आदळते आणि बोट किती वेगाने खाली गेले यावर आवाजाची पातळी ठरते. शोपँच्या संगीतात एकाच हाताचे एक बोट गाते आणि शेजारची दोन बोटे कुजबुजतात. हलक्या पट्टीवर तो फरक बोटांना शिकताच येत नाही, आणि वर्षभर तशी सवय लागली की मोडायला त्रास होतो.

डिजिटल पियानो घेणार असाल तर चार गोष्टी पाहा. पट्ट्या ८८ आणि ‘हॅमर अॅक्शन’च्या, म्हणजे पियानोच्या हातोडीसारखे वजन बोटाला देणाऱ्या हव्यात, नुसते ‘टच सेन्सिटिव्ह’ लिहिलेले पुरेसे नाही. सस्टेन पेडल (सूर लांबवणारे पायपेडल) अर्धे दाबले तर अर्धा परिणाम देणारे हवे. कीबोर्डबरोबर मिळणारी छोटी चौकोनी कळ फक्त चालू-बंद करते. एका वेळी वाजू शकणाऱ्या स्वरांची संख्या, म्हणजे पॉलिफनी, निदान ६४ आणि शक्यतो १२८ असावी. पेडल दाबून ठेवले की आधीचे सगळे स्वर जिवंत राहतात. ३२ स्वरांच्या यंत्रात जुने स्वर मधेच गळतात आणि नेमका खालचा खर्ज नाहीसा होतो. चौथी गोष्ट स्टँड. कैचीसारखा दुमडणारा स्टँड जोराच्या ठिकाणी डुलतो. चार पायांचा किंवा लाकडी पक्का स्टँड घ्या आणि बैठकीची उंची अशी ठेवा की कोपर पट्ट्यांच्या पातळीवर येईल. सातवीतल्या मुलीचे पाय जमिनीला टेकत नसतील तर पायाखाली पाट द्या, नाहीतर सगळा भार मनगटावर येतो.

वाद्य पश्चिमेच्या भिंतीला लावू नका. मे महिन्यात ती भिंत रात्री दहापर्यंत तापलेली असते. अॅडॉप्टर स्पाइक गार्डमधून जोडा आणि वीज गेली की बटण बंद करा. वीज परत येतानाचा झटका त्याला सोसत नाही.

प्रश्न : मी भजनी मंडळात पेटी वाजवतो. शोपँचे काही पेटीवर वाजेल का? (एक पेटीवादक, चोपडा)

वाजेल, पण निवडून. पेटीत एक हात भात्यावर अडकतो, बोटाच्या दाबाने आवाज कमी-जास्त होत नाही आणि पेडल नाही. म्हणून नॉक्टर्न, वॉल्ट्झ यांची नुसती चाल वाजेल, रचना उभी राहणार नाही. एका बाबतीत मात्र पेटी पियानोच्या पुढे आहे. पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून विरू लागतो. पेटीचा सूर हवा आहे तोवर टिकतो.

म्हणून तुम्हाला आमची शिफारस ई मायनरमधल्या प्रील्यूडची (छोट्या पियानोरचनेची) आहे : ओपस (रचनासंचाचा अनुक्रमांक) २८, क्रमांक ४, फक्त २५ मापांची, म्हणजे तालाच्या छोट्या आवर्तनांची. शोपँच्या अंत्यविधीत, ३० ऑक्टोबर १८४९ रोजी पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये, ही रचना ऑर्गनवर वाजवली गेली होती. म्हणजे हवेच्या वाद्यावर ती शोभते, याला फार जुना दाखला आहे. उजव्या हाताची चाल सुरुवातीला बराच वेळ पांढरी सात आणि वरची पांढरी एक एवढ्यावरच झुलते. खाली तीन स्वरांचे गुच्छ एकसारखे चालतात. पहिला गुच्छ खालून वर पांढरी पाच, पांढरी सात, वरची पांढरी तीन. पुढे त्यातला बहुधा एखादाच स्वर अर्ध्या सुराने खाली घसरतो आणि सगळा रंग बदलतो.

दोन पेट्या घ्या. एकाने चाल, दुसऱ्याने गुच्छ. दोन्ही पेट्या आधी जुळवून पाहा. एक गंधाराला मिळवलेली आणि दुसरी कीबोर्डसारखी समान अंतरांची असेल तर गुच्छ खरखरतील. कपलर (एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातलीही वाजवणारी कळ) आणि सलग वाजणाऱ्या आधारसुरांचे स्टॉप बंद ठेवा. गुच्छ वाजवणाऱ्याने प्रत्येक आघाताला भाता मारायचा नाही, भाता संथ आणि सलग हवा. शेवटचे तीन गुच्छ पेटीच्या आवाक्याखाली जातात, ते एक सप्तक वर घ्या.

प्रश्न : ई फ्लॅट नॉक्टर्न (ओपस ९, क्रमांक २) तीन महिने वाजवते आहे. दोन्ही हात वेगवेगळे येतात, एकत्र केले की विस्कटतात. शिवाय ‘रुबातो’ म्हणजे लय सोडायची असे एकाने सांगितले, ते बरोबर आहे का? (एक विद्यार्थिनी, धुळे)

बरोबर नाही, आणि तुमची पहिली अडचण बरीचशी त्या समजुतीतूनच आलेली दिसते. शोपँच्या शिष्यांनी लिहून ठेवले आहे की डावा हात वाद्यवृंदाच्या संचालकासारखा असावा, त्याने डगमगू नये, असे तो सांगे. त्याच्या पियानोवर मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारे यंत्र) कायम असे. उजवा हात थोडा रेंगाळतो, थोडा पुढे धावतो आणि परत येऊन मिळतो. तबलजी ठेका सोडत नाही म्हणूनच गायक शब्द ओढू शकतो, समेला दोघे भेटतात. इथेही तेच. दोन्ही हात मिळून सावकाश होतात तेव्हा श्रोत्याला रुबातो ऐकू येत नाही, वाजवणारा अडखळला एवढेच कळते.

आता काम. या रचनेत प्रत्येक मापात बारा आठवांश स्वर आहेत, तीन-तीनचे चार गट. डाव्या हाताच्या प्रत्येक गटात आधी एक खालचा स्वर, मग दोन गुच्छ. आठवडाभर उजवा हात बाजूला ठेवा. आधी फक्त खालचे स्वर वाजवा, करंगळीने, गायकाच्या सुरासारखे जोडून. मग फक्त गुच्छ, खालच्या स्वराच्या निम्म्याहून कमी आवाजात. मग दोन्ही. खालच्या स्वरावरून गुच्छाकडे जाताना हात हवेत उचलू नका, पट्ट्यांना जवळजवळ लागून सरकवा. उडी मारली की चुकीची पट्टी लागते, आणि ती लागली नाही तरी गुच्छ धाडकन पडतो. मेट्रोनोम आठवांशाला ८० वर ठेवा. छापील गती १३२ आहे. तिथे पोचायची घाई नको.

पेडल प्रत्येक गटाला बदलते. इथे बहुतेकांचे एकच चुकते : हात खाली जाताना पायही खाली जातो. मग जुना गुच्छ नव्या खर्जात मिसळून चिखल होतो. खालचा स्वर वाजतो त्याच क्षणी पाय *वर* यावा आणि स्वर कानावर पडल्यावर खाली जावा. करंगळी तोवर पट्टीवरच हवी. करंगळी आधी सुटली तर पेडलला पकडायला स्वरच उरत नाही, आणि खर्ज ‘गायब’ होण्याची तक्रार त्यातूनच येते. शोपँचा आवडता प्लेयेल पियानो आजच्या वाद्यांपेक्षा लवकर विरणारा होता, त्यामुळे त्याने लिहिलेले लांब पेडल आज जसेच्या तसे घेतले तर दाट होते. तिथे अर्धे पेडल घ्या.

उजव्या हाताची चाल आधी तोंडाने म्हणा. काळी पाचवरून वरच्या पांढरी पाचपर्यंतची ती पहिली झेप गळ्याला किती ताण देते हे कळले की बोट आपोआप तिथे किंचित वेळ घेते. इटालियन ऑपेराचे गायक ऐका, असे शोपँ शिष्यांना आवर्जून सांगे. चाल पुन:पुन्हा येते आणि दर वेळी अलंकार वाढतात. आधी सगळे अलंकार काढून नुसती चाल चारही वेळा वाजवा, मग एकेक अलंकार परत आणा. छोटे जादा स्वर खालच्या स्वराच्या *आधी* घाईने उरकू नका. शोपँच्या शिष्यांच्या प्रतींत ते खर्जाबरोबर सुरू होतील अशा खुणा आढळतात. डाव्या हाताच्या सहा स्वरांवर उजव्याचे विषम संख्येचे स्वर आले तर गणित करत बसू नका. कुठला स्वर कुठल्या खर्जापाशी पडतो एवढ्या दोन खुणा पेन्सिलीने करा, मधले हलके ओतून द्या. शेवटाकडची लांब तान तालाबाहेरची आहे, तिथे डावा हात थांबलेला असतो. ती हळू सुरू करून वेग वाढवा आणि उतरताना पुन्हा संथ व्हा.

प्रश्न : आमच्या शाळेच्या सभागृहात जुना उभा पियानो आहे. उन्हाळ्यात बेसूर होतो, पावसाळ्यात पट्ट्या अडकतात. काय करावे? (एक संगीतशिक्षक, अमळनेर)

दोन्हींचे मूळ हवेतल्या ओलाव्यात आहे. तारांमागे स्प्रूस लाकडाचा मोठा फळा असतो, साउंडबोर्ड. सुमारे २२० तारांचा एकूण १५ ते २० टनांचा ताण वाद्याला पेलावा लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये फळा ओल पिऊन फुगतो, तारांना वर ढकलतो, ताण वाढतो आणि सूर चढतो. मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर जातो, फळा सुकतो, सूर उतरतो. सगळ्या तारा सारख्या चढत-उतरत नाहीत, म्हणून बेसूरपणा ऐकू येतो. सभागृहात कूलर असेल तर आणखी वाईट : दुपारी दमट, रात्री कोरडे, रोज. कूलरचा झोत पियानोकडे कधीही नको. वाद्य आतल्या भिंतीला, खिडकीपासून लांब, भिंतीपासून चार बोटे अंतर ठेवून लावा. एक साधा आर्द्रतामापक वर ठेवा. काटा ४५ ते ६० टक्क्यांत राहिला तर उत्तम, पण आकड्यापेक्षा तो स्थिर राहणे महत्त्वाचे.

अडकणाऱ्या पट्ट्यांचे कारण साधे आहे. प्रत्येक पट्टी दोन खिळ्यांवर बसते आणि खिळ्याभोवती नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे जाड कापड असते. तो फुगला की पट्टी खाली जाऊन तिथेच राहते. कारागीर विशिष्ट चिमट्याने नमदा दाबून वाट मोकळी करतो, काम मिनिटांचे आहे. पट्टी वर येते पण हातोडी सावकाश परतते असे असेल, तर दोष हातोडीच्या सांध्यात आहे आणि तिथली पिन बदलावी लागते. कुठेही तेल किंवा गंज काढायचा फवारा मारू नका. चार दिवस बरे वाटते, मग नमदा तेल शोषून कायमचा चिकटतो. पावसाळ्यात तळाच्या कप्प्यात पियानोसाठी मिळणारा साधारण २५ वॅटचा हीटर रॉड लावता येतो. दिवाळीपूर्वी तो काढा, नाहीतर उन्हाळ्यात फळ्याला चीर पडेल. कसर नमदा खाते आणि उंदीर त्यातच घर करतात, म्हणून वर्षातून दोनदा खालची फळी उघडून आत झाडून घ्या.

सूर लावून घ्यायचा तर पहिल्या पावसात नको. हवा बदलून महिना झाला की बोलवा : एकदा ऑगस्टच्या मध्यावर, एकदा नोव्हेंबरअखेर. वर्षातून एकदाच परवडत असेल तर नोव्हेंबर. पियानो वर्षानुवर्षे तसाच असेल आणि पांढरी सहा सेकंदाला ४४० कंपनांच्या खूप खाली गेली असेल, तर एका बैठकीत वर ओढायला सांगू नका. गंजलेल्या तारा तुटतात, आणि न तुटल्या तरी सूर आठवड्यात परत खाली येतो. दोन फेऱ्यांत चढवा, मध्ये काही आठवडे जाऊ द्या. तारा फारच जुन्या असतील तर अर्धा सूर खालीच पक्का लावून घेणे शहाणपणाचे. एकट्या वादकाला त्याने काही अडत नाही.

प्रश्न : शोपँची जन्मतारीख कुठे २२ फेब्रुवारी, कुठे १ मार्च दिसते. आणि तो फ्रेंच की पोलिश? (महाविद्यालयीन विद्यार्थी, जळगाव)

बाप्तिस्म्याच्या नोंदीत २२ फेब्रुवारी १८१० आहे. तो आणि त्याचे घरचे मात्र १ मार्च मानत. प्रकल्पात दोन्ही द्या. जन्म वॉर्साजवळच्या झेलाझोवा वोला या खेड्यातला. आई पोलिश, वडील फ्रान्सच्या लोरेन भागातून तरुणपणीच पोलंडला आलेले. २ नोव्हेंबर १८३० रोजी त्याने वॉर्सा सोडले, त्याच महिन्याच्या शेवटी तिथे रशियाविरुद्ध उठाव झाला, आणि तो पुन्हा कधी परतला नाही. १८३१च्या शरदापासून पॅरिस. तिथे त्याने जाहीर मैफली फारच कमी केल्या; आयुष्यभरात मिळून तीसच्या आसपास. पोट शिकवण्यांवर चाले, एका तासाचे २० फ्रँक. १७ ऑक्टोबर १८४९ रोजी पॅरिसमध्ये तो गेला. देह पेर लाशेझ दफनभूमीत आहे, हृदय थोरल्या बहिणीने, लुडविकाने, वॉर्साला नेले. ते तिथल्या होली क्रॉस चर्चच्या खांबात आहे. मृत्यूचे कारण क्षय असेच नोंदले गेले, आणि त्या हृदयाच्या बाहेरून केलेल्या तपासणीचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्षही क्षयामुळे हृदयाच्या आवरणाला आलेल्या सुजेकडेच बोट दाखवतात.

प्रश्न : ‘रेनड्रॉप’ प्रील्यूड पावसावर लिहिले आहे ना? (एक वाचक, चाळीसगाव)

ते नाव शोपँचे नाही. १८३८-३९चा हिवाळा त्याने लेखिका जॉर्ज सँड आणि तिच्या मुलांबरोबर माजोर्का बेटावर, वाल्देमोसाच्या मठात काढला. सँडने आठवणीत लिहिले आहे की एका पावसाळी रात्री ती परतली तेव्हा तो एक प्रील्यूड वाजवत होता. छपरावरच्या थेंबांची नक्कल केली असे तिने सुचवताच तो चिडला. ते प्रील्यूड कोणते हे तिने लिहिलेले नाही. ओपस २८ क्रमांक १५ मध्ये एकच स्वर अखंड टिपकत राहतो, म्हणून नाव त्याला चिकटले. लंडनच्या प्रकाशकाने रचनांना अशी नावे दिली तेव्हाही शोपँ वैतागला होता. वाजवताना तो टिपकणारा स्वर पुढे आणू नका. चाल वर, थेंब मागे.

प्रश्न : मझुर्का ऐकताना आखाजीच्या झोक्यावरच्या गाण्यांसारखी काही लय जाणवते, पण टाळी धरता येत नाही. असे का? (एक वाचक, शिरपूर)

तीन मात्रा आहेत, पण वजन पहिलीवर नाही. मझुर्कात ते दुसऱ्या किंवा तिसऱ्या मात्रेवर पडते आणि पुष्कळदा एकाच रचनेत जागा बदलते. दादऱ्याच्या सवयीने पहिलीवर टाळी दिली की चुकते. मेट्रोनोम मापाला एकच ठोका देईल असा लावा, एक मनात म्हणा आणि दोनवर टाळी द्या. मग तीनवर द्या. मझूर, ओबेरेक आणि कुयाव्याक हे तीन पोलिश लोकनाच यांत मिसळलेले आहेत, आणि मुलगा असताना सुट्टीत शाफार्निया या खेड्यात शोपँने ते संगीत प्रत्यक्ष ऐकले होते. चार्ल्स हॅले या पियानोवादकाने त्याला तोंडावर सांगितले होते की तुम्ही तीन मात्रांचा मझुर्का चार मात्रांसारखा वाजवता. मोठ्याने मोजून दाखवल्यावर शोपँने हसून ते मान्य केले. तेव्हा तुमची टाळी हुकते यात नवल नाही.

प्रश्न : सुरुवात कोणत्या रचनेने करू? एत्यूद (सरावासाठीची रचना) ओपस १०, क्रमांक १ सुरू केला तर उजवा हात कोपरापर्यंत दुखतो. (एक विद्यार्थी, नंदुरबार)

तो एत्यूद आजच थांबवा. दुखत असताना वाजवत राहिलात तर महिनोन्‌महिने वाद्याला हात लावता येणार नाही. तिथे हात ताणून ठेवायचा नसतो, बोट वाजले की तळहात लगेच मिटायचा असतो. हे संथ गतीत, शिक्षकासमोर शिकण्याचे काम आहे.

ए मेजर प्रील्यूडपासून (ओपस २८, क्रमांक ७) सुरू करा. सोळाच मापे. बाराव्या मापात उजव्या हाताचा एक रुंद गुच्छ आहे, त्यात अंगठ्याने शेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबाव्या लागतात. मग वर सांगितलेले ई मायनर, मग सी मायनर (क्रमांक २०), मग चाल डाव्या हातात असलेले बी मायनर (क्रमांक ६). त्यानंतर मृत्यूनंतर छापले गेलेले ए मायनर वॉल्ट्झ, एखादा छोटा मझुर्का, आणि मग ओपस ९.

रोज सुरुवातीला पाच मिनिटे शोपँचीच हाताची जागा घ्या : अंगठा पांढरी तीन, पुढची तीन बोटे काळी तीन, काळी चार, काळी पाच, करंगळी पांढरी सात. लांब बोटे उंच काळ्यांवर, आखूड बोटे पांढऱ्यांवर, हात आपोआप सैल राहतो. म्हणूनच तो शिष्यांना बी मेजर सप्तक आधी देई आणि सगळ्या पांढऱ्यांचे सी मेजर शेवटी, कारण वाचायला सोपे असले तरी हाताला तेच अवघड. दिवसाला तीन तासांहून जास्त रियाझ करायला त्याने मनाई केली होती. तुम्ही सध्या एक तास करा, वीस-वीस मिनिटांचे तीन तुकडे.

प्रश्न : दोन पुस्तकांत एकाच नॉक्टर्नचे स्वर वेगळे छापले आहेत. खरे कोणते? (एक वाचक, पाचोरा)

दोन्ही शोपँचेच असू शकतात. तो रचना फ्रान्स, जर्मनी आणि इंग्लंडमध्ये जवळपास एकाच वेळी छापायला देई आणि प्रुफांत दुरुस्त्या करत राही, त्या सगळीकडे पोचत नसत. शिवाय शिकवताना शिष्यांच्या प्रतींत पेन्सिलीने नवे अलंकार लिहून देई. ई फ्लॅट नॉक्टर्नचे असे पर्याय उपलब्ध आहेत. ओपस ६६ ते ७४ तर त्याच्या मृत्यूनंतर मित्र युलियान फोंताना याच्या संपादनातून बाहेर आले, त्यांत फोंतानाचा हात कुठे आहे हे तपासावे लागते. यान एकियर यांनी संपादित केलेली पोलिश राष्ट्रीय आवृत्ती किंवा हेन्ले आवृत्ती घ्या. पर्याय कुठून आले ते तिथे दिलेले असते. जुनी पादेरेव्स्की आवृत्ती वाजवायला सोयीची आहे, पण तिथे वेगवेगळ्या मूळ प्रतींतले पाठ एकत्र केलेले आढळतात. बोटांचे आकडे मात्र कोणत्याही पुस्तकातले आपल्या हाताला जुळतात का ते पाहूनच घ्या, आणि एकदा ठरवलेले बोट पेन्सिलीने लिहून ठेवा.